जाळायला पाठवलेला सोफा

५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा सोफा पोचला आणि काल आम्ही तो जाळला. दचकू नका, मागवलाच त्यासाठी होता! आमच्या अग्निप्रयोगशाळेत विटांची एक खोली आहे. ती घरासारखी मांडून पेटवायची आणि माणसाला बाहेर पडायला किती वेळ मिळतो ते मोजायचं. त्यावरून सरकार सोफ्यांचे नियम ठरवणार.

बाबा, काय सांगू! धूर आधी छताला भिडतो, मग पाण्यासारखा सपाट होऊन खाली उतरतो. काचेआडून मी मिनिटं मोजत होते. मोठ्या कंपन्यांचे सोफे तीन मिनिटांत संपले, तुमच्या सोफ्याने अकरा मिनिटं दाद दिली नाही! छोट्या कारागिरांना नियमातून वगळावं, असं अहवालात येणार आहे. नेहमी करता तसाच होता ना तो?

लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमची लेक

९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अ. उ. आ.

पत्र दुकानभर मिरवलं, मग तुझा शेवटचा प्रश्न वाचून मटकन बसलो. लेकीच्या कचेरीत मान खाली जायला नको, म्हणून फोम आणि कापडामध्ये मी सहज न पेटणाऱ्या जाड लोकरीचा थर शिवला होता. गिऱ्हाइकाला तो कधीच देत नाही. जाळायचा सोफा नटवून पाठवणारा शहाणा जगात मीच!

तुझी आई म्हणाली, गप्प बसा, तुम्हाला नियम नको आणि पोरीला बोल नको. पण तुझ्या आत्याकडे माझाच सोफा आहे. तीन मिनिटांत ती काठी शोधेल की दार? अहवाल थांबव. नेहमीचा सोफा पाठवतोय.

बाबा

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नेहमीचा सोफा दोन मिनिटं चाळीस सेकंद टिकला. छताखालचा धूरच पेटला आणि क्षणात अख्खी खोली आग झाली.

नमुना न तपासल्याबद्दल प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मला खूप रागावल्या. मग दोन्ही चित्रफिती शेजारी-शेजारी लावून कितीतरी वेळ बघत बसल्या. आता लोकरीचा थर सगळ्यांना सक्तीचा करा, अशी शिफारस जाते आहे. तुम्हालाही. गिऱ्हाइकं कुरकुरतील, मला माफ करा.

तुमची लेक

२६ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अ. उ. आ.

माफी कसली, वेडे! नियम येईल तेव्हा येईल. दुकानाला कुलूप लावून, सुई आणि लोकर घेऊन मी आत्याच्या दिवाणखान्यात बसलोय. तिचा सोफा उसवून झाला. माझा सोफा असलेली अजून दोनशे अकरा घरं राहिलीत, तेव्हा पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस.

बाबा