कोऱ्या वाळूची पिशवी

३ फेब्रुवारी

ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार.

पूर्वी तुझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहायचो. या वेळी पेन तिथेच अडलं, म्हणून गाळलं. चुकलं असेल तर कळव.

कामावर रुजू झालो. त्याच्याच हाताखाली जा आणि त्याची विद्या शिकून घे, असं तू म्हणालीस, म्हणून सगळं गिळून राहतोय. मी त्यांना अजून दाजीच म्हणतो, दुसरं काही तोंडात येत नाही. तुला टाकून त्यांनी कंपनीच्या मालकांची मुलगी केली आणि वर मलम म्हणून मला नोकरी दिली, हे सगळ्या कॅम्पला ठाऊक आहे. स्वयंपाकी मला माजी मेहुणा म्हणून हाक मारतो.

काम सोनं शोधायचं, पण सोनं दिसत नाहीच. टेकडीवर दोरी लावून रांग आखायची, ठरावीक अंतरावर गुडघाभर खड्डा घ्यायचा, वरची काळी माती टाकून खालची तांबूस माती चाळायची आणि पिशवीत भरून नंबर घालायचा. सोनं शोधते ती लॅब, आणि तेही इतकं बारीक की मिठाचा कण त्यापुढे धोंडा. म्हणून अंगावर सोनं घालून रांगेवर यायचं नाही. पहिल्याच दिवशी दाजींनी माझी साखळी उतरवली. प्रत्येक खेपेत एक पिशवी कोऱ्या वाळूची असते. तिच्यात सोनं नाही हे आधीच तपासलेलं असतं. लॅबने तिच्यात सोनं दाखवलं, तर कुठेतरी हात घाण झाले असं समजायचं.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि वेळेवर जेवत जा.

तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ गाळलंस ते बरं केलंस, शाई वाचली.

तुझे दाजी चारचौघांत मला काय म्हणाले ते विसरू नकोस. मूल होत नाही म्हणून कोरडा खड्डा म्हणाले, सोनं न लागलेला. बुजवायचा आणि पुढे जायचं, म्हणे. शेजारीण भांडी घासायची थांबली होती. आता मी दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांची झबली शिवते आणि टाक्याटाक्याला एकच मागते: मालकांच्या पैशाने, मालकांच्या डोळ्यांदेखत, त्याचा खड्डा कोरडा निघू दे.

तुझं अक्षर सुरेख आहे. भीती मात्र ओळीओळीत दिसते.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

तुझं मागणं पुरं व्हायची वेळ आली आहे.

मध्यंतरी मालक लेकीला घेऊन कॅम्पवर आले होते. तिने दिलेली जाड अंगठी दाजी एरवी तंबूत काढून ठेवतात. त्या दिवशी ती समोरच उभी होती, मग काढणार कशी? रुबाब दाखवायला दाजींनी स्वतः माती चोळून पिशव्या भरल्या. कोरी वाळूही त्याच हाताने भरली. आता लॅबचा निकाल आलाय. त्या सगळ्या पिशव्यांत सोनं, आणि कोऱ्या वाळूतही सोनं! कोऱ्या वाळूपुरती लॅबची चूक झाली असं सांगून दाजींनी मालकांना पटवलं. आता खोल खड्डा पाडायला ड्रिलिंगचं महागडं मशीन निघालंय.

गप्प बसलो तर खड्डा कोरडा निघणार. पण मग शोध सुरू झाला की बोट माझ्याकडेच वळेल. माजी मेहुण्याने सूड म्हणून सोनं मिसळलं, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? काय करू ते लिही.

तुझा धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

गप्प बस. होऊ दे खड्डा. तुझ्यावर आलंच तर निघून ये, दोघं मिळून झबली शिवू. काजं तू कर, तुझा हात बारीक आहे.

तुझी ताई

१४ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. आधी रागाव, मग पुढचं वाच.

मशीनवाल्या मिस्त्रींना मी विचारलं होतं, खड्डा कोरडा निघाला तर काय होतं? ते हसले. म्हणाले, दहातले नऊ कोरडेच निघतात, त्यात कुणाची मान खाली जात नाही, दोष जमिनीवर जातो. ताई, तुझा सूड तिथेच वाया गेला असता. दाजी तोही खड्डा बुजवून पुढे गेले असते. या धंद्यात लाज एकाच गोष्टीची, घाणेरड्या हाताची.

म्हणून मशीन टेकडीवर चढलं तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो. कोरी वाळू कुणी भरली आणि हातात काय होतं, एवढंच सांगितलं. दाजी म्हणाले, हा बहिणीचं विष ओकतोय. मालक जावयाच्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी दगडावर बसून आख्खी रांग पुन्हा घ्यायला लावली. निकालात काही नाही. मशीन परत गेलं.

ते आधी मालक आहेत, मग सासरे. त्यांनी हुकूम काढला की धाकट्याने हात तपासल्याशिवाय कुणीही रांगेवर पाऊल ठेवायचं नाही. कुणीही म्हणजे दाजीसुद्धा. रोज सकाळी सगळ्यांदेखत ते माझ्यापुढे दोन्ही हात पसरतात. मी उलटेसुलटे बघतो. स्वयंपाकी पळी हातात घेऊन मुद्दाम बघायला येतो.

काल त्यांनी मान खाली घालूनच हात पुढे केले. मलाच कसंतरी झालं. न बघताच जा म्हणावं, असं वाटलं. सोडून देऊ का?

तुझा धाकटा

२२ एप्रिल

चि. धाकट्यास, अनेक अनेक आशीर्वाद.

रागावले, मग पुढचं वाचलं. मग शेजारणीला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं.

सोडायचं नाही. कसंतरी झालं तर होऊ दे, हुकूम मालकांचा आहे, तू काम चोख कर. आणि नखं बघतोस ना? नखांखाली फार दडून राहतं.

तुझी ताई