बोथट ड्रिल

३ मार्च, सोमवार

प्राप्ती आज कारखान्यात आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्याकडचं सगळ्यात नालायक ड्रिल द्या."

ऐका! वागळे इस्टेटमध्ये हेल्पर म्हणून झाडू मारत आलेलो, तेव्हापासून आजपर्यंत नाव कमावलं ते हत्यारांच्या धारेवर. आणि पोरगी बोथट मागतेय.

कारण असं. कल्याणला एक ट्रस्ट विज्ञान केंद्र उभारतोय. त्यातलं एक दालन — उष्णता म्हणजे काय, हे माणसाला कसकसं कळत गेलं. ते मांडायचं काम कुणाला द्यायचं? शेवटी दोघं उरलेत. एक प्राप्ती, दुसरा पुण्याचा कुणी. अठरा तारखेला कमिटी माझ्या कारखान्यात येऊन तिचा प्रयोग बघणार. जमलं तर तिचं स्वतःचं काम. नाहीतर जूनपासून परत डोंबिवलीचा तो कोचिंग क्लास. तिकडून ती यायची तेव्हा चेहरा बघवायचा नाही.

"परत तिकडे गेले ना, तर मी फिजिक्सचाच राग करायला लागेन," म्हणाली. हसत म्हणाली. हसण्यात हसू नव्हतं, ते मला ऐकू येतं.

६ मार्च, गुरुवार

जेवताना शिकवणी झाली. मी आणि भावना विद्यार्थी.

पूर्वी युरोपात म्हणायचे, लाकडात जळण्याचा म्हणून एक पदार्थच असतो. लाकूड पेटलं की तो बाहेर पडतो. भावना म्हणाली, बरोबरच आहे, म्हणून तर राख हलकी. प्राप्ती म्हणाली, आई, मग धातू भाजला की वजन वाढतं, ते कसं? भावनाने भाकरी उलटली. पुढे कुणीतरी नीट तोलून बघितलं — जळताना वस्तूतून काही जात नाही, उलट हवेतलं काहीतरी ती घेते.

पण उष्णतेचं कोडं राहिलंच. मग म्हणायला लागले, उष्णता म्हणजे एक पातळ रस. त्याला वजन नाही. गरम वस्तूतून गार वस्तूत वाहतो. नाव कॅलरिक.

मला तर हे एकदम पटलं. चहा गार होतो म्हणजे काहीतरी निघून गेलंच की! प्राप्ती म्हणाली, "तुम्ही एकटे नाही बाबा, भलेभले फसले."

मग म्युनिकची गोष्ट. तोफा कोरायचा कारखाना. रम्फर्ड नावाच्या साहेबाने बघितलं, भोक पाडताना तोफ चटके देण्याइतकी तापते. रसवाले म्हणाले, धातूचा कीस निघतो ना, त्यात दडलेला रस सुटतो. हा म्हणाला, बघू. मुद्दाम बोथट हत्यार लावलं, भोवती पाणी भरलं, घोडे जुंपले. कीस निघेना फारसा, पण पाणी उकळलं! घोडे फिरतायत तोवर उष्णता येतच राहते. मग जी संपतच नाही, ती वस्तू कशी असेल? ती हालचालच असणार.

जेवण झाल्यावर मी दोन्ही तळवे घासून बघितले. भावना म्हणाली, थंडी वाजते का हो?

१० मार्च, सोमवार

आज रंगीत तालीम. जाड काचेच्या टाकीत पितळेचा ठोकळा, वर पाणी, त्यात बोथट ड्रिल. दांड्याला वजन टांगलेलं, म्हणजे दाब कायम तेवढाच.

आवाज असा की दात शिवशिवले! चालवत होता सहदेव, माझा सगळ्यात जुना कारागीर, शहाडहून येतो. बिचाऱ्याचं तोंड कडू झालेलं. शेजारच्या गाळ्यातला धनेश पळत आला. "शेठ, चष्मा लागला ते ठीक, कानपण गेले का? ड्रिल बदला."

पण पाणी उकळलं. खालून ना गॅस, ना कॉइल. नुसतं घासून. मी वाकून बघतच राहिलो.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कारखाना बंद. प्राप्ती रंगाला खाली उतरली नाही.

१७ मार्च, सोमवार

उद्या कमिटी येणार.

कमिटीच्या अध्यक्ष आसावरीबाईंचा फोन आलेला. प्राप्ती गॅलरीत, मी आत पेपर घेऊन. बाईंचा आवाज खणखणीत, मला काय, भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. म्हणत होत्या, त्या पुण्याच्या मुलाने फार सुंदर मांडलंय. तुमचं मला जादूच्या प्रयोगासारखं वाटतं. पाणी उकळतं हे बघायला घरचा गॅस पुरे की!

प्राप्ती नुसतं "हो मॅडम" म्हणाली. मग गॅलरीचं दार ओढून घेतलं.

१८ मार्च, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

कमिटी आली. आसावरीबाई, दोन प्रोफेसर. मी कारखाना धुऊन घेतलेला, सगळ्यांना नवे ॲप्रन. प्राप्तीने इतिहास सांगितला, झकास. सहदेवने बटण दाबलं.

आणि मला कळलं. पहिल्या क्षणाला! कर्कश काहीच नाही. ड्रिल मजेत गुणगुणतंय. ही धारेची गुणगुण, माझी आयुष्यभराची ओळखीची. कुणीतरी धार लावलेली!

टाकीत पितळेचा कीस सोन्यासारखा उडायला लागला. बघता बघता ड्रिल ठोकळ्यातून आरपार. मशीन बंद. एका प्रोफेसरने पाण्यात बोट घातलं. दुसऱ्याला हळूच म्हणाला, "कोमट. आंघोळीलापण नाही चालणार." मला ऐकू आलं. वाटलं, जमीन फाटावी.

आसावरीबाई पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. "काका, काय झालं?"

"धार लावलीय हो कुणीतरी," माझ्या तोंडून निघूनच गेलं. "पोरीचं वाटोळं झालं."

सहदेव मान खाली घालून पुटपुटला, "पाहुणे येणार म्हणून... त्यांच्यासमोर बोथट ड्रिल कसं लावू, शेठ?"

मी नको ते बोललो त्याला. पाहुण्यांदेखत बोललो. तो ॲप्रनला हात पुसत राहिला.

तेवढ्यात प्राप्ती पुढे झाली. आवाज शांत. मूठभर ओला कीस तिने बाईंच्या हातावर ठेवला. म्हणाली, "मॅडम, रसवाल्यांचं म्हणणं, उष्णता किसातून सुटते. हा बघा कीस. एवढा निघाला. मग उष्णता कुठाय?"

बाई त्या किसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोथट आहे का एखादं?"

दुसरा ठोकळा होता, नशीब. बोथट ड्रिल लागलं, तोच दाब, तो भयंकर आवाज. प्रोफेसरांनी कानावर हात ठेवले. ड्रिल तिथल्या तिथे घासत राहिलं, कीस चिमूटभर, आणि पाण्याला बुडबुडे. बाई ॲप्रन सावरत टाकीपाशी वाकल्या, थेट लहान मुलीसारख्या. जाईपर्यंत प्रश्न विचारत होत्या. पण हो-नाही काहीच सांगितलं नाही.

सहदेवशी मी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

२१ मार्च, शुक्रवार

फोन नाही. सहदेव वेळेवर येतो, काम करतो, जातो. मीही ताठ.

२७ मार्च, गुरुवार

मिळालं! दालन प्राप्तीचं! बाईंनी सांगितलं, दोन्ही ड्रिलं शेजारीशेजारी हवीत. आणि त्या दिवशी सगळं बिघडलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा खरा विचार केला, असंही म्हणाल्या. भावना रडली. मी मोठ्या मनाने ठरवलं, सहदेवला माफ करून टाकू.

३० मार्च, रविवार. पाडवा.

पेढे घेऊन शहाडला गेलेलो. सहदेवला म्हटलं, झालं गेलं विसर, तुझ्या चुकीने भलंच झालं. त्याने पेढा हातातच धरला. मग म्हणाला, "धार प्राप्तीताईंनीच लावायला सांगितलेली, शेठ. म्हणाल्या, सगळं खरंच बिघडल्यासारखं दिसायला हवं, बाबांना कळता कामा नये. त्यांना खोटं तोंड करता येत नाही, आणि मॅडम त्यांच्याच तोंडाकडे बघणार."