मधल्या दाराचा पासवर्ड

ता. ३

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल सकाळी पूजा आटोपली आणि घरात मोडेम बसवून घेतला. भिंतीपलीकडच्या बहिणीला पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस, बोलणं तूच सोडलंस. देव काही बहिरा नाही, पहाटे घंटा बडवू नकोस, असं म्हणालीस. म्हणून मी आपल्या दोन घरांच्या मधल्या दाराला कपाट लावलं, इतकंच.

लेकीचं बाळ फोनवर बघायला तू रेंजसाठी दुखऱ्या गुडघ्यांनी गच्ची चढतेस, ते बघवत नाही. आमचं वायफाय वापर. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत, सगळा जोडून: अक्काचुकली.

पत्र तुझ्या भावजयीबरोबर धाडतोय. तिने वाटेत वाचलं तर माझा इलाज नाही. लोभ भिंतीने अडत नाही, तो असू दे.

तुझा,
धाकटा

ता. ४

चि. घंटानाद यास,
अनेक आशीर्वाद.

पासवर्ड वाचून वाटलं, गच्ची परवडली. पण बाळाला पहिला दात आलाय, म्हणून जीभ चावत तेवढं टाइप केलं. लागेचना! एक 'ए' घातला, दोन घातले. फोन आपला दरवेळी सांगतो, पासवर्ड चुकीचा आहे. अक्का चुकली हे त्यालाही पटत नाही बघ.

शेवटी भावजयीने सांगितलं, तू 'अक्का'त एकच 'के' घातलायस. शाळेपासून जोडाक्षर तुझ्या घशात अडकतं! जोडलं एकदाचं, पण बाळ हसताहसता गोठतं आणि दात काही दिसत नाही. लोखंडी कपाट आडवं येतंय म्हणे. ते कोणी लावलं, हे मी लिहीत नाही.

राग थोडाच उरलाय, तोही सांभाळून घे.

तुझी,
अक्का

ता. ५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आज पहाटे घंटा हातात घेतली, पण वाजवली नाही. पलीकडे तुझं लेकीशी चाललं होतं, दिसत नाही गं, अजून दिसत नाही. देव बहिरा नाही, तसा मीही नाही.

कपाट रिकामं केलं. तुझी भावजय ढकलायला आली, पण ढकलण्यापेक्षा हसलीच जास्त. मोडेम आता मधल्या दाराच्या चौकटीवर आहे. पासवर्डही बदललाय, इंग्रजी अक्षरांत, जोडून: देवबहिरानाही. स्पेलिंग चुकलं असेल, तर पत्र धाडू नकोस, इथे येऊन कान धर.

माझ्या बाजूची कडी काढली आहे.

तुझा,
धाकटा