दोन तासांच्या वाटेला अख्खा दिवस

१४ नोव्हेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार घालावा एवढी तू मोठी नाहीस, आणि नुसतं 'कशी आहेस' विचारावं एवढं आपलं बोलणं उरलेलं नाही. म्हणून थेट सुरू करते. इकडे सगळे ठीक. मुलीला चष्मा लागला. माझी पाठ अधूनमधून कुरकुरते.

यांची बदली झाली हे तुला कळलंच असेल. तिकडच्या छोट्या विमानतळावर विमानांची दुरुस्ती बघतात, महिन्यातून एकदा घरी येतात. सकाळी निघतात ते दिवेलागणीला पोचतात. "अंतर फार आहे गं, विमान लहान, त्यात वारा उलटा." मी आपली मान डोलवायची.

मागच्या महिन्यात शेजारीण, ती इथल्या विमानतळावर तिकीट खिडकीत बसते, सहज म्हणाली, "सातशे किलोमीटर तर आहे. सरळ विमान, दोन तास."

"आणि वारा उलटा असला तर?"

"तर थोडा उशीर. वारा आहे तो, सासू नाही."

हसले मी. पण ते दोन तास डोक्यातून जाईनात.

मग डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. यांच्या बॅगेत बायकांची मऊ लोकरी टोपी सापडली. म्हणाले, "विमानात कुणीतरी विसरलं." टोपीला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती! खोटं बोलायलाही अक्कल लागते.

या खेपेला न सांगता विमानतळावर गेले. दुपारचं सरळ विमान आलं, त्यात हे नव्हते. संध्याकाळच्या विमानातून उतरले. ते विमान तुझ्या गावाहून येतं, ताई.

मनात काय आलं ते लिहीत नाही. तू एकटी राहतेस. आईला कुणी सांभाळायचं यावरून आपण भांडलो तेव्हाही यांनी तुझीच बाजू घेतली होती. घरी आलो. दार लावलं आणि विचारलं, "कधीपासून चाललंय?"

हे बूट न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, "कॅन्सर आहे तिला. हॉस्पिटलात औषध चढवतात त्या दिवशी सोबत कुणी नसतं. केस गेलेत. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

मी चहा ठेवला. तो आटून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

संशयाची सवय वाईट, लगेच सुटत नाही. "आता बरी आहे ती," असं हे म्हणतात, ते तरी खरं की तेही मला गप्प बसवायला? आणि तू त्यांना सांगितलंस, मला नाही. का गं? मी येऊन भांडले असते असं वाटलं? भांडले असतेच. पण तुझ्या उशाशी बसून.

शुक्रवारचं तिकीट काढलंय. नको म्हणायला फोन करशील, मी उचलणार नाही. दार तेवढं उघड.

राग तसाच घेऊन येणारी,
तुझी पाठची बहीण