प्रेरणा इंग्लंडात असते

३ जून
ठरलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठीचा लेख इंग्लंडच्या खेड्यात बसूनच लिहायचा. संपादक कुंदाताईंनी पहिलं पान माझ्यासाठी राखलंय. यंदा तरी द्या हो, म्हणाल्या. पण जर्मनीतल्या या नेकारसुल्ममध्ये लिहिणार काय, कपाळ? खिडकीतून नुसते द्राक्षमळे आणि नदी.

१९ जून
कॉट्सवोल्ड्समध्ये कॉटेज बुक केली. दगडी भिंती, मेंढ्या, खिडकीशी टेबल. बुकिंग रद्द होत नाही. करतंय कोण! बायको म्हणाली, मेंढ्या इथं शेजारच्या हायलब्रॉनच्या वाटेवरही आहेत. विभावरीला साहित्यातलं काही कळत नाही.

७ जुलै
विभावरी विचारत होती, व्हिसाचं काय. हसलो. जर्मनीत कायम राहायचं कार्ड खिशात आहे. पॅरिस, रोम त्यावरच फिरलो. इंग्लंड काय चंद्रावर आहे? तिनं जर्मन पासपोर्ट घेतल्यापासून फार शिकवते. मी नाही घेतला. मराठी लेखकानं कसा घ्यावा?

२ ऑगस्ट, सकाळी. श्टुटगार्ट विमानतळ
काउंटरवरची बाई मला सोडेना. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, हे कार्ड तिथं चालत नाही म्हणे. कधीच नव्हतं म्हणे! मला कुणी सांगितलं? (विभावरी म्हणते, तिनं.) आल्झो, तर मग मोठ्या मनानं म्हटलं, तू तरी जा. वाटलं, नको नको म्हणेल. गेली! लिहिताना घालायला घेतलेलं माझं ट्वीडचं जाकीटही तिच्याच बॅगेत गेलं.

५ ऑगस्ट
फोटो आला. खिडकीशी टेबल. माझं टेबल! तिथं माझं जाकीट घालून ही चहा पितेय. फोनवर म्हटलं, निरीक्षणं टिपून ठेव, मला लेखात लागतील. म्हणाली, टिपतेय.

६ ऑगस्ट
बाल्कनीत लिहायला बसलो. 'इंग्लंडमधली सकाळ' एवढं झालं. समोर द्राक्षमळे मधे मधे येतात. दोष माझा नाही, भूगोलाचा आहे.

३० ऑगस्ट
दगा! घरातच दगा! विभावरीनं परस्पर लेख लिहून कुंदाताईंना पाठवला आणि पहिलं पान पटकावलं. ताबडतोब कुंदाताईंना फोन लावला. म्हटलं, कल्पना माझी, कॉटेज माझी, जाकीटसुद्धा माझं. त्या म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, पण लेख तिचा आहे ना. इतकी वर्षं जिला माझ्या सगळ्या कादंबऱ्या तोंडी ऐकवल्या, तीच उलटली. फार लागलं. जेवणार नाही.
नंतर : थोडंसं जेवलो. आमटी गरम होती.

१४ सप्टेंबर
कुंदाताईंनी तिचा लेख माझ्याकडेच पाठवला. शुद्धलेखन तपासा, अंकात तुमचंही नाव देऊ, म्हणाल्या. उघडायचाच नाही असं ठरवलं होतं. उघडला. मेंढ्यांना दोन ओळी. बाकी सगळा लेख एवढ्यावरच की लग्नानंतर पहिल्यांदा आठवडाभर शेजारी कुणी बोलत नव्हतं, आणि तिला चहा गरम असताना प्यायला मिळाला.
चांगला आहे. खरंच चांगला आहे. दोनदा वाचला, चूक एकही नाही.
एक स्वल्पविराम घातला. नाव छापून यायचं तर काहीतरी करायला हवं.