बिस्त्राच्या सत्काराचा गुच्छ

१२ फेब्रुवारी

लाल असतं ते! कुणी सांगितलंच नव्हतं. डाळिंबाच्या सरबतासारखं लाल. नर्स अंगभर झगा घालून आली, हातांत दोन-दोन हातमोजे. तिच्या अंगावर एक थेंब उडायला नको, आणि माझ्या शिरेत मात्र अख्खं!

त्सांको बाहेर गाडीतच बसून राहिला. नवरा वाईट नाही माझा, पण दवाखान्याचा वास त्याला सहन होत नाही.

आत होती बिस्त्रा. माझी धाकटी बहीण, आणि अख्ख्या गावाची डॉक्टरीणबाई. माझा हात धरायला आली. मी हात ब्लँकेटखाली घेतला.

गेल्या वसंतात हिनंच, माझ्या स्वयंपाकघरात, चीज भरलेल्या बनित्साची पारी लाटता लाटता पिठाचे हात पुसले होते आणि माझी छातीतली गाठ चाचपली होती. "साधी गाठ आहे गं नेदा. या वयात होतात. विसर." मी विसरले. जानेवारीत फोटो काढला तर कॅन्सर! आधी केमोचं हे लाल पाणी, मग सुरी.

साधी गाठ म्हणे.

१४ फेब्रुवारी

आज द्राक्षवेलींचा सण, सगळं गाव वेली छाटतंय आणि वाइन पितंय. गाणी इथवर ऐकू येतात. मी बादली धरून बसलेय. चमचा तोंडात घातला की लोखंड चाटल्यासारखं लागतं. आईनं कोंबडीचं सूप आणलं, वासानंच परत बादली.

आईला सांगून टाकलं — मी पुन्हा जाणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

आई रडली आणि उठून फोन कुणाला लावला? बिस्त्राला!

१७ फेब्रुवारी

काही नाही. नुसती भिंत बघत पडलेय.

१९ फेब्रुवारी

नगरपालिकेतून फोन. माझं फुलांचं दुकान बंद आहे म्हटलं. "फक्त एक मोठा गुच्छ हवाय हो नेदाबाई, १४ मार्चला. वाचनालयाच्या सभागृहात सत्कार आहे. पंचवीस वर्षं सेवा केली गावाची."

"कुणी?"

"अहो, तुमच्याच बहिणीनं! सांगितलं नाही तुम्हाला?"

नाही. सांगितलं नाही.

फोन ठेवला आणि हसायलाच लागले. त्सांको घाबरून आत आला. पंचवीस वर्षं सेवा! बाबा गेले तेव्हा मी एकोणीसची होते. राजधानीत, सोफियाला शिकायला जायची बॅग भरलेली होती. ती बॅग रिकामी करून मी बाबांच्या फुलांच्या दुकानात उभी राहिले, आणि पुढं सोफियाला गेली ती. कार्नेशन्स विकून डॉक्टर केलं मी तिला! आणि तिच्या हाताला माझीच गाठ कळू नये?

गुच्छ मी करणार. आणि मी स्वतः जाणार. स्टेजवर चढून सगळ्यांसमोर सांगणार काय सेवा केली ते.

संध्याकाळी वाटीभर दही खाल्लं. राहिलं पोटात!

२० फेब्रुवारी

बिस्त्रा आली. "कशी आहेस?"

"पुढच्या सलाईनला जाणार आहे," मी म्हटलं. "मला जगायचंय. १४ मार्चपर्यंत तरी."

तिला कळलं असावं. चेहरा पडला. उठून माझी बादली धुतली. धू म्हटलं! मग फरशीही पुसायला लावली. कोपरे राहिले, तर परत पुसायला लावले.

२७ फेब्रुवारी

केस उशीवर. टाळू अशी दुखते, जणू दिवसभर कुणी घट्ट वेणी घातली होती. त्सांकोनं मशीन आणलं, पण डोक्याला लावायचं धाडस त्याला होईना. मीच फिरवलं.

आरशात बाबा दिसले! तसंच डोकं, तसेच कान.

रडायला आलं होतं. मग सभागृहातला दिवा या टकलावर कसा चमकेल ते डोळ्यांसमोर आणलं, आणि रडू थांबलं. उकडलेली दोन अंडी खाल्ली.

१ मार्च

बिस्त्रानं मनगटाला मार्तेनित्सा बांधला, मार्चमधला लाल-पांढरा दोरा. "तब्येतीसाठी," म्हणाली. ती गेल्यावर कापून टाकला.

५ मार्च

दुसरं लाल. आपल्या पायांनी चालत गेले. कॅन्सरचे डॉक्टर काराचोलोव म्हणाले, "वा, वजन वाढलंय! काय खाता?"

काय सांगू? राग खाते म्हणू?

८ मार्च

महिला दिन. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस दुकानाचा, आणि शटर खाली. खिडकीतून बायका दिसतात, हातात दुसऱ्या कुणाची ट्यूलिप्स. तोंडात फोड आलेत. दही गार करून गिळते. गिळायचंच. सहा दिवस.

१३ मार्च

डॉक्टर म्हणतात फुलांचं शिळं पाणी, गर्दी, काही नको. रक्तातल्या पेशी खाली गेल्यात. मास्क लावला, हातमोजे घातले आणि दुकान उघडलं.

पांढऱ्या कार्नेशन्स. आणि संख्या — सम! इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, जिवंत माणसाला विषम द्यायची, सम फक्त मेलेल्याला. बिस्त्रा फुलवाल्याची पोर आहे. हातात घेतल्या घेतल्या मोजेल.

देठ तिरके कापले आणि गुच्छ घट्ट बांधला.

१४ मार्च

केलं!

सगळं क्रमानं लिहिते, विसरायचं नाहीये मला.

त्सांको गाडीत म्हणाला, "नेदा, ती बहीण आहे तुझी." मी म्हटलं, "तू गाडी चालव."

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत आई, तिच्या निळ्या कोटात. महापौर बोलले, मग पोरींनी गाणं म्हटलं, मग ते म्हणाले, "आणि आता पुष्पगुच्छ द्यायला साक्षात डॉक्टरांची बहीण!" टाळ्या. लोकांना वाटलं काय सुंदर, आजारातून उठून आली!

मी गुच्छ दिला. तिनं खाली पाहिलं. ओठ हलले — मोजलंच! मग वर माझ्याकडे पाहिलं आणि गुच्छ छातीशी धरला. फेकेल वाटलं होतं. नाही फेकला.

मी डोक्यावरचा रुमाल काढला. टाळ्या थांबल्या.

"या डॉक्टरीणबाईंनी माझी गाठ हातानं चाचपली," मी म्हटलं. "साधी आहे म्हणाल्या, विसर म्हणाल्या. मी विसरले. ही बघा त्यांची पंचवीस वर्षांची सेवा. ज्यांच्या बायका, ज्यांच्या मुली यांच्याकडे जातात, त्यांनी बघून घ्या!" आणि डोकं फिरवून दाखवलं, डावीकडे, उजवीकडे.

मागून एका बाईचा आवाज आला, "अरे देवा!" महापौर माइककडे धावले. बिस्त्रानं त्यांचा हात धरून थांबवलं. "बोलू द्या तिला," म्हणाली.

पण माझं बोलून झालं होतं.

मी वाट बघत होते. रड! खोटं बोल! माफी माग! ती नुसती उभी, छातीशी मेलेल्याची फुलं धरून.

आई माझ्यामागून बाहेर आली आणि मला म्हणाली, "तू माझ्याशी बोलू नकोस." नाही बोलत.

घरी येऊन मेंढीचं मटण खाल्लं. फोडांसकट! किती गोड लागलं.

१७ मार्च

दवाखान्यात. परवा ताप चढला. त्सांकोला काही सुचेना, त्यानं तिलाच बोलावलं. तिनं मला उचलून गाडीत घातलं आणि इथं आणलं. वाटेत एक शब्द नाही. तिचा हात माझ्या कपाळावर होता, आणि तो झटकायची माझ्यात ताकद नव्हती. तेवढं एक राहिलं.

२१ मार्च

घरी. शेजारची गिना सांगत होती, बिस्त्राच्या दवाखान्यात आता शुकशुकाट आहे. लोक तिच्या यादीतली नावं कमी करून दुसऱ्या डॉक्टरकडे चाललेत. "काल ती एकटीच पायरीवर बसून सिगारेट ओढत होती गं! ती कधी ओढायची?"

बरं झालं.

बरं झालं, बरं झालं. तीनदा म्हणून पाहिलं.

२५ मार्च

तिसऱ्या लालआधी सोनोग्राफी. डॉक्टर काराचोलोव पडद्याकडे बघून चक्क शिट्टी वाजवायच्या बेतात. "निम्मी झाली! बघा!"

मी माझ्या हातानं चाचपलं. "पण ही तर तेवढीच लागतेय."

"ती? ती पाण्याची गाठ. वर आहे, तुमच्या बोटाला लागते. ती निरुपद्रवी, ती राहील तशीच. कॅन्सरची ती ही दुसरी, मागे, पार खोल. तिथं कुणाचं बोट पोचत नाही. बहिणीनं सांगितलं नाही? मी त्यांना उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात बोललो होतो."

गाडीत बसले आणि तिला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तिथं स्टेजवर बोलली का नाहीस?"

तिनं सिगारेट पेटवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तू पुन्हा जाणार नाही म्हणाली होतीस, नेदा. मग माझ्यावर चिडलीस आणि जेवायला लागलीस. ते मी कशाला मोडू?"

उद्या तिसरं. आता कशाच्या जोरावर जाऊ?