वनमालाबाईंचा पत्रावळीचा साचा

मी, श्रीमती वनमाला जयवंत परब, वय ६६, धंदा पत्रावळ्या करणे, राहणार घाटकोपर पश्चिम, कोणाचा दाब नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुलाला शंका वाटल्यास त्याने डॉक्टरांना विचारावे, मला नाही.

१. राहती खोली मुलगा श्यामसुंदर व सून प्रेमा यांच्या नावे, निम्मी निम्मी. भांडण झाल्यास त्याने बाहेर जावे.

२. पायाने दाबायचा पत्रावळीचा साचा. गिरणीतली नोकरी सुटल्यावर यजमानांनी तो भंगारातून आणून दुरुस्त केला. श्यामसुंदर अंधेरीहून प्लास्टिकची ताटे आणून विकतो. "आये, पानांचो जमानो गेलो," म्हणत तीन वर्षे तो हा साचा पुन्हा भंगारात घालायला बघत आहे.

गेल्या वैशाखात माझी पुतणी उत्तरा हिच्या लग्नाला त्याने हट्टाने चारशे प्लास्टिकची ताटे आणली. वडे कढईतून थेट पंगतीत आले. ताटे आधी वाकली, मग वितळली. नवऱ्यामुलाचे मामा दशरथ यांच्या पांढऱ्या विजारीवर सगळा रस्सा उतरला. माणूस सभ्य. एवढेच म्हणाले, "माझ्या ताटाक भोक पडला." पंगत उठू लागली, उत्तरा रडकुंडीला आली. तेव्हा प्रेमाने जिन्याखालून माझ्या पत्रावळ्यांचे गठ्ठे ओढून काढले. नवऱ्याला न सांगता तिने ते आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवले होते. पंगत पुन्हा बसली.

सबब साचा प्रेमाचा. श्यामसुंदरने तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

३. दशरथमामांना नवी विजार शिवून द्यावी. कापड माझ्या ट्रंकेत आहे.

४. त्या दिवशी उष्ट्या पत्रावळ्या तबेल्यातल्या म्हशींनी खाल्ल्या. वितळलेली ताटे श्यामसुंदरच्या दुकानामागे अजून तशीच आहेत. पण हेही लिहिले पाहिजे, की पत्रावळ्या मांडायला, वाढायला आणि उष्टी काढायला तोच वाकला. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आये, तू पानां खयसून हाडतंस?"

मी रागात होते. उत्तर दिले नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही.

तरी श्यामसुंदरला कळावे: पाने आरे कॉलनीतल्या पाड्यावरची शकू देते. मंगळवारी सकाळी जावे. भाव करू नये. वनमालाचा मुलगा म्हणून सांगावे, ती चहा देईल.

घाटकोपर, दि. १४ मार्च १९८६
सही : वनमाला जयवंत परब

आमच्यासमोर सही केली :
१. काशीराम सावंत, शेजारी
२. कुंडलिक जाधव, शेजारी